जे आहे ते

आत्यांनी गिरीशचं उष्टं ताट माझ्यासमोर सरकवलं आणि म्हणाल्या, "यात जेव. डॉक्टरणीनं सांगितलंय."

ताटात अर्धी भाकरी होती, वांग्याचं एक चोखलेलं देठ होतं आणि कडेला गिरीशनं बोटानं पुसत नेलेली चटणी. मी ताटाकडे बघितलं, मग गिरीशकडे. तो चूळ भरून आला होता आणि तोंड पुसता पुसता दारातच थांबला होता, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा.

"आई, असं कुठं सांगितलं त्यांनी?"

"तू होतास का तिथं? मग गप."

तो नव्हता, हे खरं. मी आणि आत्या होतो. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मिरजेकडं जुन्या घरांतून सासूला आत्याच म्हणतात. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण ते वांग्याचं देठ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. केलेली. दुसऱ्याच्या बाटलीतलं पाणी प्यायची वेळ आली तरी तिचं तोंड पुसून प्यायचे. पण त्या दिवशी मला तिसरा महिना लागला होता, आणि मला कुणी जोडे खा म्हटलं असतं तरी मी आधी ते धुवायचे का एवढंच विचारलं असतं.

कारण त्याआधीचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. त्याला तीन वर्षं झाली होती. रिपोर्ट सगळे चांगले होते, दिवस चांगले जात होते, आणि एका दुपारी सगळं संपलं. मी शुद्धीवर आले तोवर मोठ्या माणसांनी उरकलं होतं. मुलगा होता की मुलगी, हे मी विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलं नाही. का गेलं, याचं उत्तर कुठल्याच डॉक्टरकडे नव्हतं. म्हणून या वेळी आमच्या डॉक्टरबाईंनी चिठ्ठी देऊन मला दवाखान्याच्या मागच्या इमारतीत, डॉक्टर ऋजुता नाडगौडांकडे धाडलं.

नाडगौडा माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठ्या असतील. केसांत क्लिपेऐवजी पेन खुपसलेलं. त्या गोळी देत नाहीत, तपासत नाहीत, फक्त रक्त घेतात आणि पेशी बघत बसतात, हे कळल्यावर आत्यांनी त्यांच्या खोलीतल्या फ्रीजकडे आणि त्यांच्याकडे एकाच नजरेनं बघितलं. पण बाई बोलायला लागल्या की ऐकत राहावंसं वाटायचं. त्यांनी सांगितलं, पोटातलं बाळ अर्धं आपलं असतं आणि अर्धं परकं. कुणाची किडनी आणून बसवली तर शरीर ती हाकलून द्यायला उठतं. मग बाळाला नऊ महिने कसं ठेवून घेतं? तर आपल्या रक्तात काही पेशी अशा असतात, की त्या बाकीच्या रखवालदार पेशींना सांगतात, गप बसा, पाहुणा आपल्यातलाच आहे. काही बायकांच्यात हे सांगणारे कमी पडतात, असं त्यांना वाटत होतं, आणि तेच त्या शोधत होत्या. काही आजारांत तर रखवालदारांना मालकच ओळखू येईनासा होतो.

आत्यांनी आपले हात पुढं केले. त्यांची बोटं संधिवातानं वाकडी झालेली होती, बाविसाव्या वर्षापासूनची.

"म्हंजे हे माझंच कुत्रं मला चावतंय म्हणा."

नाडगौडा एवढ्या खूश झाल्या, की त्यांनी आत्यांचंही रक्त घेतलं. विचारता विचारता निघालं, की गिरीश पोटात होता तेव्हा आत्यांची बोटं नऊ महिने सरळ होती, रोज ढीगभर भाकऱ्या थापायच्या, आणि बाळंत झाल्यावर महिन्याभरात पुन्हा सुजली. पुष्कळ जणींचं असं होतं, नाडगौडा म्हणाल्या. आत्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, पोटात होता तोवर गुणाचा होता.

मग त्यांनी विचारलं, की पाहुणा आपला आहे हे त्या पेशींना कळतं कशावरून. नाडगौडा तोवर मोकळेपणानं बोलायला लागल्या होत्या. म्हणाल्या, ओळखीवरून. नवऱ्याच्या सहवासानं, त्याच्या शरीरातलं काही ना काही बायकोच्या शरीराला आधीपासून ठाऊक झालं, तर पुढं सोपं जात असावं, असं काही लोक मानतात. सिद्ध झालेलं नाही, नुसता अंदाज आहे. हे शेवटचं वाक्य आत्यांच्या कानापर्यंत पोचलं नाही. पोचलं असतं तरी त्यांनी ते उंबऱ्याबाहेर थांबवलं असतं.

"आमच्या सासवा काय येड्या न्हवत्या," त्या रिक्षात म्हणाल्या. "नवऱ्याच्या ताटात जेवायची रीत काय उगं पडलीय?"

अशी ती रीत आमच्या घरी परत आली, विज्ञानाचा हात धरून.

गिरीशचं पंपदुरुस्तीचं दुकान आहे. तो घरी येतो तेव्हा त्याच्या अंगाला ग्रीस, घाम आणि बोअरच्या गढूळ पाण्याचा वास असतो. तो आला की लगेच न्हाणीत जायची त्याला सवय. आत्यांनी ती बंद केली. आल्या आल्या त्यानं माझ्या शेजारी बसायचं, वास जरा मुरू द्यायचा, मग अंघोळ. माझ्या पेल्यातलं पाणी आधी त्यानं एक घोट प्यायचं. रात्री त्याचा उतरवलेला शर्ट माझ्या उशाला. "मी काय नैवेद्य आहे का?" तो एकदा म्हणाला. त्यावर आत्या म्हणाल्या, की नैवेद्य निदान उलट बोलत नाही.

मी शहाणी होते, सगळं कळत होतं. तरीही एखाद्या दिवशी गिरीशनं ताट चाटूनपुसून साफ केलं की मी कडेला काही राहिलंय का ते शोधायचे.

पुढं आत्यांनी हिशोब वाढवला. बाळ अर्धं गिरीशचं. पण गिरीश तरी अर्धा आत्यांचाच. म्हणजे त्यांचीही ओळख व्हायला हवी. मग त्या चहा अर्धा पिऊन बशी माझ्याकडे सरकवायला लागल्या. आणि उरलेला गिरीश मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. मामा आमच्या लग्नाआधीच वारलेले. आत्यांनी त्यावर एक दिवस विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून मामांचा तपकिरी लोकरी मफलर काढून माझ्या पोटाभोवती गुंडाळला. बाहेर मार्च तापत होता.

"धुतलेला न्हाई," आत्या म्हणाल्या. "त्यांच्या हातचा जसा होता तसाच हाय. म्हणून ठेवलाय."

मफलर एका टोकाला तोकडा होता. दुसऱ्या टोकाला झालर होती, इकडे नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, उंदरानं खाल्लं. मी ते टोक बोटांत धरून बघितलं. उंदीर एवढं सरळ खात नाही. त्या दिवसांत मी सगळं बघायचे आणि मनात ठेवायचे.

पाचवा महिना लागला आणि माझी झोप उडाली. चालताना मी पावलं मोजून टाकायचे, शिंक आली तर दोन्ही हातांनी पोट धरायचे. त्या महिन्यात नाडगौडांकडे रक्त द्यायला गेले. नेहमी त्या माझं रक्त काढून, नळ्या गार पडू नयेत म्हणून काखेत धरून, आतल्या खोलीत पळत जायच्या. जाताना काहीतरी गमतीचं बोलायच्या. त्या दिवशी गप्प होत्या. रक्त घेताना माझ्या तोंडाकडे बघेनात. माझ्या डोक्याच्या वर, मागच्या भिंतीकडे बघत होत्या. मी वळून बघितलं. भिंतीवर काही नव्हतं, दवाखान्यात सगळीकडे असते तसली एक पाटी होती, आपण कधी वाचत नाही तसली.

मी विचारलं, पेशी कशा आहेत.

"तुमच्या ठीक आहेत," त्या म्हणाल्या.

"माझ्या म्हणजे? आणखी कुणाच्या आहेत?"

त्यांच्या हातातला कापूस खाली पडला. तो उचलायला त्या वाकल्या आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत. मग टेबलाखालूनच म्हणाल्या, "सोनोग्राफीत सगळं व्यवस्थित आहे ना? मग झालं. जे आहे ते चांगलं आहे."

जे आहे ते. आधीच्या दोन्ही खेपांना त्या बाळ म्हणाल्या होत्या, मी कान देऊन ऐकलं होतं. आता बाळ नाही, जे आहे ते. पुढच्या खेपेलाही तेच. "जे आहे ते हलतंय ना?" "जे आहे ते वाढतंय छान." ज्या डॉक्टरनं पेशी आतून वाचल्यात, ती तुमच्या पोटातल्या जिवाला 'जे आहे ते' म्हणायला लागली, तर आईनं काय समजायचं? मी गिरीशला सांगितलं. तो म्हणाला, त्यांची बोलायची पद्धत असेल. आत्यांना सांगितलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि त्या दिवसापासून गिरीशच्या ताटात मुद्दाम जास्त वाढायला लागल्या, म्हणजे उष्टं जास्त उरावं.

पाचवा महिना गेला. सहावा, सातवा. मी रोज सकाळी उठून आधी पोटावर हात ठेवायचे आणि आत हललं की मगच डोळे उघडायचे. आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. जे होतं ते लाथा मात्र मारत होतं.

शेवटच्या खेपेला नाडगौडांनी विचारलं, की बाळंतपणानंतर पडलेली वार त्यांना अभ्यासाला मिळेल का. पेशींचा सगळा समझोता तिथंच होतो, म्हणून ती ताजी लागते. आत्यांनी आधी नाही म्हटलं, वार घराजवळ पुरायची असते. नाडगौडांनी समजावलं. आत्यांनी विचार करून सांगितलं, "अर्धी तुमची, अर्धी आमची." नाडगौडा तयार झाल्या.

त्यामुळे कळा सुरू झाल्या तेव्हा त्याही आल्या, बर्फाची पेटी घेऊन, आणि बाळंतिणीच्या खोलीत माझ्या पायांच्या बाजूला भिंतीला लागून उभ्या राहिल्या. मफलर काढून ठेवायला सांगितलं तेव्हा तो मी कुणाच्या हातात दिला तेही आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की मी शेवटपर्यंत नाडगौडांच्या तोंडाकडे बघत होते. बाळाकडे बघायची हिंमत नव्हती. ठरवलं होतं की त्यांच्या तोंडावर जे उमटेल ते खरं.

बाळ रडलं. आमच्या डॉक्टरबाई टाके घालायच्या तयारीला लागल्या. सिस्टरनं बाळ वर धरलं, पुसलं आणि म्हणाली, "मुलगी आहे."

नाडगौडांच्या तोंडाचा आ झाला.

"असं कसं होईल?" त्या म्हणाल्या.

सिस्टरनं बाळाकडे पुन्हा एकदा बघितलं, मग त्यांच्याकडे. म्हणाली, "मॅडम, मला एवढं तरी कळतं."

"नाही पण, शक्य नाही," नाडगौडा म्हणाल्या, आणि पेटी हातात घेऊनच पुढं येऊन स्वतः बघून गेल्या.

माझ्या डोक्यात एकच आलं, की बाळ बदललं. त्या सकाळी त्या मजल्यावर दुसरी बाळंतीण नव्हती, बाळ माझ्या डोळ्यांदेखत निघालं होतं, तरी मी सिस्टरला म्हणाले, माझं द्या. तिनं बाळ माझ्या छातीवर ठेवलं, आणि मी ते एवढं घट्ट धरलं, की तिनंच माझी बोटं सैल केली. तेवढ्यात दार ढकलून आत्या आत आल्या. मागोमाग गिरीश, नको नको म्हणत. सिस्टर ओरडली, पण आत्या बाविसाव्या वर्षापासून दुखणं सोसत आलेली बाई. ओरडण्यानं थांबणारी नव्हती.

"काय शक्य न्हाई?" त्यांनी नाडगौडांना विचारलं. "बोला."

नाडगौडा स्टुलावर बसल्या. पेटी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, की आता सांगायला हरकत नाही, आता बाळ जन्मलंय. माझ्या रक्तात त्यांना पुरुषाच्या पेशी सापडल्या होत्या. त्या शोधायला गेल्या नव्हत्या, रखवालदार पेशींची तपासणी चालली असताना त्या आपोआप समोर आल्या. पोटातल्या बाळाच्या पेशी आईच्या रक्तात येतात, हे ठाऊक असतं. म्हणजे मुलगा. आणि मुलगा की मुलगी, हे जन्माआधी कुठल्याही वाटेनं कळू देणं गुन्हा. त्या भिंतीवरच्या पाटीसमोरच तर बसत होत्या त्या रोज. चुकून तोंडातून काही निसटू नये, म्हणून त्यांनी बाळ म्हणणंच सोडलं होतं.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. चार महिने मी जे घेऊन झोपत होते, ते एवढंच होतं.

आत्या मात्र पहिल्याच वाक्याला अडकल्या होत्या. "पुरुषाच्या म्हंजे? कुठल्या पुरुषाच्या?"

गिरीशनं घसा खाकरला. "माझ्या असतील," तो म्हणाला. "ते ताटातनं."

आत्यांच्या तोंडावर असा काही विजय पसरला, की मला इकडे टाके पडत असताना हसू फुटलं. "बघा," त्या म्हणाल्या. "लागलं का न्हाई?"

नाडगौडांनी शांतपणे सांगितलं, की जेवणातून असं होत नाही, जेवण पोटात पचतं. मग त्या थांबल्या. त्यांनी केसांतलं पेन काढलं आणि परत खुपसलं. "पहिल्याच नमुन्यात होत्या," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "इतक्या लवकर, इतक्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं." आणि माझ्याकडे बघून, पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून, त्यांनी विचारलं, "तुमचं आधीचं बाळ. ते काय होतं, माहीत आहे का?"

मी म्हणाले, नाही.

गिरीशनंही मान हलवली. तोही त्या दिवशी बाहेर औषधांसाठी पळत होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मफलर आत्यांच्याच हातात होता. त्या त्याचं तोकडं टोक वाकड्या बोटांनी चाचपत होत्या.

"मुलगा होता," त्या म्हणाल्या. "मीच नेलं न्हवं का. नदीकडच्या रानात. थंडी होती त्या दिवशी."

उंदीर एवढं सरळ खात नाही.

"मला सांगायचं होतं ना, आत्या."

"सांगितलं असतं तर तू नाव ठेवलं असतंस. नाव ठेवलं की माणूस जात न्हाई गं. म्हटलं, बिननावाचा लौकर जाईल."

मग त्या नाडगौडांकडे वळल्या. "तो हिच्यात अजून हाय म्हणता?"

काही पेशी, नाडगौडा म्हणाल्या. वर्षानुवर्षं राहतात. कधी कधी जन्मभर.

"आत काय करतो?"

"नक्की कुणालाच माहीत नाही. काही म्हणतात, आईला कुठं दुखलं तर तिथं जाऊन मदत करतात. काही म्हणतात, उलट त्रास देतात. काही म्हणतात, नुसत्या बसून असतात."

"बसून असतो म्हंजे बापावर गेलाय," आत्या म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसलं. गिरीश भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते, हसत होता की काय ते दिसत नव्हतं.

थोड्या वेळानं आत्यांनीच विचारलं, "मग माझ्यात हा?"

"असेल, काकू."

आत्यांनी आपली बोटं उलटसुलट करून बघितली. मग गिरीशच्या पाठीकडे बघितलं. वार ठरल्याप्रमाणे अर्धी पेटीत गेली आणि अर्धी मडक्यात.

मुलीचं नाव रेवती. आता दुसरीत आहे, आणि कुणाचं उष्टं खात नाही. तिच्या बारशाला घर बायकांनी भरलं होतं. गिरीशला बहीण नाही, त्यामुळे कानात नाव सांगायचा आत्याचा मान सासूबाईंनी स्वतःकडेच घेतला. त्या पाळण्यात वाकल्या, बाळाच्या कानाशी कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, आणि रीतीप्रमाणे सगळ्या बायकांनी हसत हसत त्यांच्या पाठीत धपाटे घातले.

मग बायका घुगऱ्या घ्यायला आत वळल्या. मी पाळण्याजवळ पाटावर बसून होते. आत्या गेल्या नाहीत. दाराकडे एकदा बघून घेतलं आणि माझ्याशेजारी आल्या. मला वाटलं, पदर सारखा करायला. त्यांनी माझे केस कानामागं सारले, कानाशी तोंड आणलं, हळूच कुर्रर्र केलं आणि एक नाव सांगितलं.

मी हलले नाही. त्याही हलल्या नाहीत. तशाच वाकून राहिल्या, आणि मला कळेना, की आता कशाची वाट बघताहेत. मग कळलं. पाठ पुढं करून थांबल्या होत्या. तिथं दुसरं कुणी नव्हतं.

मी हात उचलला आणि धपाटा घातला. हलकेच घालायचा होता. पण तीन वर्षं त्या हातात साठलेली होती, आणि तो चांगलाच बसला.

"हळू की," आत्या म्हणाल्या. "आत गिरीश बसलाय."